आईनं हाक मारायचं बंद केलं तवा

तुमाला वाटलं असंल, आता एस.टी. हलणार, आई पदरानं डोळं पुसणार, आण्णा तोंड फिरवून उभं ऱ्हाणार अन् मी खिडकीतनं गाव दिसायचं बंद हुईपर्यंत मान वाकडी करून बसणार. रुमाल काढून ठेवला असंल तर परत खिशात घाला. आमच्या घरात असलं काय झालं न्हाय.

झालं ते असं. अणदूरच्या फाट्यावर सोलापूरची गाडी थांबली. माझ्याजवळ एक बॅग अन् एक खोकं. खोक्यात आईनं केलेल्या कडक भाकरी अन् शेंगाची चटणी. कंडक्टर म्हणला, खोकं मागं डिकीत टाका. झालं. मी पायरीवर एक पाय ठेवून उभा, अन् माझी आई खालनं त्या माणसाला धरून बसली. डिकीत भाकरीचा चुरा झाला तर तुमी भरून देणार का? तुमच्या आईनं दिल्या असत्या तर टाकल्या असत्या का डिकीत? कंडक्टर बिचारा म्हणला, मावशी, नियम हाय. आई म्हणली, "नियमाला भूक लागती का वो?"

आण्णांनी ड्रायव्हरला हातानंच खुणावलं, तुमी चला, हे काय संपायचं न्हाय. गाडी हलली. आई गाडीसंगं चार पावलं चालली, पण माझ्याकडं बघत न्हाय, कंडक्टरकडं बघत. मला "नीट जा" म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं. घर सोडताना आईचा शेवटचा शब्द माझ्या वाट्याला आलाच न्हाय, त्यो कंडक्टरला गेला. खोकं मात्र माझ्या मांडीवर आलं.

इटकळ मागं पडलं तवा कंडक्टर तिकिटाला आला. तिकीट फाडलं, खोकं जरा आत सरकवलं, अन् हळूच म्हणला, आमची बी अशीच हाय. अन् म्होरं गेला. तवा मला कसंतरी झालं. रडायला येऊलालं होतं, शेजारी एक गृहस्थ बसल्याले, त्यांच्यापुढं रडायचं कसं? म्हणून मोबाईल काढला अन् लिहिलं: "नियमाला भूक लागती का वो." त्याच्याखाली लिहिलं: "कंडक्टरनं खोक्याला हात लावताना आधी हात पँटला पुसला." एवढंच. मग बरं वाटलं. माझं लिहिणं सुरू झालं ते असं, एका न रडण्यापायी.

मी मूळचा नकलाकार. ‘कलाकार’ म्हणायला अजून गावानं परवानगी दिली न्हाय. शाळेत गॅदरिंगला मी हेडसरांची नक्कल करायचो. आता आवाज तर कुणीबी काढतंय. पण आमचे हेडसर रागवायच्या आधी खिशातला पेन काढायचे, त्याच्याकडं बघायचे, अन् परत खिशात ठेवायचे. मी स्टेजवर जाऊन नुसतं तेवढं करायचो. तोंड उघडायच्या आधीच पोरं लोळायची. नक्कल आवाजात नसती, त्या पेनात असती. ज्याला पेन दिसला न्हाय त्यानं घसा कितीबी ताणला तरी त्यो नुसता घसाच ऱ्हातो.

अन् माझ्या नशिबाची गंमत बघा. पुण्यात मला काम लागलं तेच मुळी तोंडाचं. कॉल सेंटर. कानाला हेडफोन लावायचा, राज्यभरातनं मराठी माणसं फोन करून शिव्या देणार, त्या ऐकायच्या, अन् गोड बोलायचं. वर आमच्या क्वालिटीच्या मॅडम. त्या आमचं रेकॉर्डिंग ऐकणार अन् मार्क कापणार. ‘व्हय’ म्हणलं, कापले. ‘लई’ म्हणलं, कापले. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मी म्हणलं, थांबा वो काका, बघूलालो. त्या काकाला येवढं बरं वाटलं की तक्रार सोडून त्यांनी मला इचारलं, लेकरा, तू कुण्या गावचा? काका खूश झाले, माझा स्कोअर पडला.

मॅडम वाईट न्हाईत. त्यांचं बी वरनं कुणीतरी ऐकत असंलच. त्यांनी मला बसवून सांगितलं, बालाजी, न्यूट्रल बोलायला शिक. मी म्हणलं ठीक. नकलाकाराला काय अवघड? आठवडाभरात मी मॅडमपेक्षा न्यूट्रल झालो. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" असं म्हणतो की समोरचा माणूस पुढची शिवी विसरून जातोय. आता माझाच स्कोअर वरचा हाय. नवीन पोरांना माझं रेकॉर्डिंग ऐकवतात. पण एक सांगतो, ते सगळं कामापुरतं. ड्युटी सुटली की मी परत आपला अणदूरचा बाल्या. एवढं मला जमतंय.

लंचला पोरं मागं लागतात, बाल्या, तुझ्या गावचं बोल ना. मी बोलतो. ती हसतात. हसू द्या, मला हसवायला आवडतंय. पण ती हसूलालेली असतात तवा मी बी रिकामा नसतो. एक जण हसायच्या आधी दुसऱ्याकडं बघतो, त्यो हसला का, मगच हसतो. एक जण लई जोरात हसतो, अन् मला ठाव हाय त्यो बीडचा हाय, अन् त्यानं अजून कुणाला सांगितलं न्हाय. ते बी मी रात्री लिहून ठेवतो. तुमी आमाला बघा, आमी तुमाला बघतो. फिटंफाट.

तर रोजची एक बारकी गोष्ट लिहायची अन् स्टेटसला टाकायची, असं माझं चालू झालं. वाचणारे दोन तऱ्हेचे. एक तुमी, जे तिकडंच ऱ्हायलाव. दुसरे तुमी, जे माझ्यासारखे खोकं मांडीवर घेऊन निघालाव, कुणी चाकणला, कुणी हैदराबादला, एक जण तर पार दुबईला. मी लिहायचो, आण्णा फोन उचलला की आधी फोनची चार्जिंग किती ऱ्हायली ते सांगतात, मग हालहवाल, जसं काय त्यांच्या अंगातलीच चार्जिंग. मी लिहायचो, आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आज्जी टीव्हीवरल्या बातम्या संपल्या की बातम्या सांगणाऱ्या बाईला म्हणतात, ये बाई, जपून जा. मी लिहायचो, आमच्या सोसायटीचा वॉचमन सगळ्या गाड्यांना सलाम ठोकतो, पण मी गेटातनं जाताना फोनवर नुसतं ‘व्हय’ म्हणलं, तर त्यानं सलाम अर्ध्यात सोडला अन् इचारलं, काय पावणं, कुणीकडचं? परांड्याचा निघाला, आमच्याच जिल्ह्यातला. आता त्यो मला सलाम करत न्हाय. ह्याच्यापेक्षा मोठा मान मला पुण्यात कुणी दिला न्हाय.

लोक म्हणायचे, ह्यात लिहिण्यासारखं काय हाय? दुबईवाल्यानं मात्र आज्जीचं स्टेटस वाचून मला इमोजी न्हाय, फोन केला. काय बोलला न्हाय, नुसता टीव्हीचा आवाज ऐकू येऊलाला.

अन् मला इचाराल तर ह्यातच लिहिण्यासारखं हाय. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कवा येतंय? पाणी न्हाय तवा. टँकर, हंडे, भेगाळलेली जमीन, अन् त्या भेगेपुढं बसवलेला एक म्हातारा. ते वाचून वाटावं, आमच्याकडं माणसं हसत न्हाईत, भांडत न्हाईत, कुणाला नावं ठेवत न्हाईत, नुसती आभाळाकडं बघत बसल्यात. मी टँकरच्या लायनीत उभा ऱ्हाऊन मोठा झालोय. त्या लायनीत बाया एकमेकींच्या नवऱ्यांच्या चालायच्या नकला करायच्या, अन् हसून हसून हंडे पाडायच्या. मी टँकर लिहिणार न्हाय. टँकर लिहाय लई जण हायत. मी त्या बाया लिहिणार. कुणाला बारकं वाटलं तर वाटू द्या.

आता मुद्द्याकडं येतो.

आमच्या घराला भिंत लागून सुमनकाकूचं घर. काकू म्हंजी आण्णांच्या चुलतभावाची बायको, माझ्या आईची धाकटी जाऊ. घर भिंतीला भिंत, रान बांधाला बांध. काकू रोज सकाळी, आईच्या भाकरी चालू असताना, बरोबर येणार. दारातनं वरडणार, अक्का, हायसा का? अन् माझी आई, जी चुलीपुढं बसलीय अन् दारातनं दिसतीय बी, ती आधी पुटपुटणार, "आली बया, आता भाकरी करपत्यात." अन् त्याच दमात मोठ्यानं, "ये की गं सुमे, कवाची वाट बघूलाले." दोन्ही वाक्यं एका श्वासात. मधी श्वास सुद्धा घेत न्हाय ती. अन् मी शपथेवर सांगतो, दोन्ही खरी. करपत्यात बी, अन् वाट बी बघती. माझ्या सगळ्या लिहिण्यात ह्याच्यापेक्षा चांगलं मला काय सापडलेलं न्हाय. दिवाळी झाल्यावर एकदा घरची लई आठवण आली, तवा हे मी जसंच्या तसं स्टेटसला टाकलं.

स्टेटस एका दिवसात जातंय, पण कुणीतरी त्याचा फोटो काढला. त्यो फोटो फिरत फिरत काकूच्या सुनंच्या मोबाईलवर गेला. सुनंनं वाचून दाखवला. कसा वाचला असंल ते मी इथं बसून सांगतो: पहिलं वाक्य वाचलं, अन् दुसरं वाचायच्या आधी काकूनं पदर खोचला. दुसरं वाक्य ऐकून घेतंय कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आली न्हाय. तिसऱ्या दिवशी बी न्हाय. आईच्या भाकरी करपायच्या थांबल्या.

हे मला आण्णांकडनं कळलं. आईकडनं काय कळायला मार्गच उरला न्हाय, कारण आई बदलली. फोन केला की तिकडनं आवाज यायचा, "हॅलो. मी बरी आहे. तू कसा आहेस?" मी म्हणलं, हो आई, बरा आहे. ती म्हणली, जेवण झाले का? मी म्हणलं, हो, झालं जेवण, काळजी करू नकोस. ती म्हणली, बरे. ठेवते.

‘झाले’. ‘बरे’. ‘ठेवते’. माझी आई. जिच्या एका फोनमधी म्हशीपासनं ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा, ती तालुक्याच्या बँकेतल्या सूचनेसारखी बोलूलाली. मी चिडवलं, खोदून बघितलं, मुद्दाम म्हणलं की मेसची भाकरी तुझ्यापेक्षा चांगली हाय. तर म्हणली, "छान."

मला कळलं, आता आई मोजून मापून बोलतीय. तिला वाटतंय, बोललं की हा लिहितोय, लिहिलं की गाव वाचतंय. म्हंजी ज्या आवाजापायी मी लिहीत होतो, त्योच आवाज माझ्या लिहिण्यानं पळाला. पुण्यात मला कुणी कायबी म्हणू द्या, त्याचं काय वाटत न्हाय. पण फोनवर त्यो आवाज नसंल तर मग मी कुठला? वॉचमनला काय सांगू?

मग आण्णांचा फोन. आण्णा कमी बोलतात. चार्जिंग सांगितली, अन् म्हणले, ते लिहिणं बंद कर. घरातलं घरात ऱ्हाऊ दे.

इथं दुसरा शहाणा पोरगा असता तर म्हणला असता, बरं आण्णा. मी न्हाय म्हणलो. मी म्हणलं, आण्णा, आपला खंडोबा वर्षातला बराच काळ अणदुरात ऱ्हातो, अन् उरलेला नळदुर्गात. मूर्ती एकच, देवळं दोन. देव नेताना-आणताना दोन्ही गावची माणसं बसून करार लिहितात, कवा नेला, कवा परत आणणार. देवाला सुद्धा गाव सोडावं लागतंय, अन् देवाचं सुद्धा लिहून ठेवावं लागतंय. त्यावर देव कधी म्हणला का, माझ्या घरातलं घरात ऱ्हाऊ द्या? अन् त्यो नळदुर्गात असला की आपण म्हणतो का, आता त्यो आपला ऱ्हायला न्हाय? मी बी दोन ठिकाणी ऱ्हातो. एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी लिहून नेलं तरच मी दोन्हीकडं हाय, न्हाय तर कुठंच न्हाय. खोटं काय लिहिलं ते दाखवा, पुसतो. खरं पुसणार न्हाय.

आण्णांनी परत एकदा चार्जिंग सांगितली. मग म्हणले, "देवाचं येगळं." अन् फोन ठेवला. मी त्याच दिवशी अजून एक स्टेटस टाकलं.

मग आली येळवस. म्हंजी मार्गशीर्षाची अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रं सुद्धा सापडत न्हाय, सगळी रानात. कडब्याची कोप, म्हंजी खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, अन् जेवायचं. हिरव्या शेंगा, भाज्या, डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, अन् मातीच्या बिंदगीत ताकातली आंबील. येळवसीचा नियम एकच: वाटंनं जाणाऱ्याला हाक मारायची, अन् त्यानं न्हाय म्हणायचं न्हाय. कोण, कुठला, इचारायचं न्हाय. आधी वाढायचं.

आमचं रान रस्त्याकडंला. दरसाल आई बांधावर उभी ऱ्हाती अन् हाक मारती. ती हाक ऐकून चालत्या ट्रॅक्टरनं ब्रेक लावलेला मी बघितलाय. जेवढी माणसं आमच्या कोपीत जेवतात, तेवढी कुणाच्याच जेवत न्हाईत, अन् त्यात माझ्या आईचा सगळा तोरा. भरली बिंदगी घरी न्यायची म्हंजी आमच्या घरात सुतक.

आदल्या दिवशी मी घरी पोचलो. आई दारातच होती. मी म्हणलं, कशी आहेस आई? ती म्हणली, बरी आहे, ये. फोनवरचंच, आता समोरासमोर.

रानात बी तसंच. पूजा झाली. वाढायची येळ झाली. आई कोपीत पत्रावळ्या पुसत बसली. मी म्हणलं, हाक मारायची न्हाय का? तिनं वर न बघता म्हणलं, येणारे येतील.

बांधाच्या पलीकडं काकूची कोप. काकू आमच्याकडं पाठ करून बसल्याली. तिनं बी हाक मारली न्हाय. दरसाल ह्या दोघी एकमेकींची आंबील चाखून नावं ठेवायच्या, त्याच्याशिवाय येळवस सुरूच व्हायची न्हाय. आज रस्त्यानं मोटारसायकली जाऊलाल्या, माणसं आमच्याकडं बघत बघत जाऊलाली, कुणी हाक मारंल म्हणून गाडी हळू करूलाली, अन् दोन्ही कोपी गप. आण्णा उगंच दोरी वळत बसले. आंबलीच्या बिंदगीवर माशी बसली, अन् तिला हाकलायला सुद्धा कुणी उठलं न्हाय.

मी कोपीच्या मागं गेलो.

आई काकूला कधी "जेवाय ये" म्हणत न्हाय. हे मी लिहून ठेवलेलं होतं. ती काकूला बोलवती ते तक्रार करून. आधी जिभेनं टाळूला एक टक्क करती, हनवटी वर करती, अन् ‘सुमे’मधला ‘सु’ लांबवती, ‘मे’ कापती. त्यो टक्क लांबच्याला ऐकू येत न्हाय, पण त्याच्याशिवाय आईचा आवाज निघत न्हाय, मी पुण्यात बाथरूममधी करून बघितलंय. तर मी टक्क केलं, हनवटी वर केली, अन् सोडली हाक:

"सुमे, ए सुमे. आंबट ढाण आंबील केलीस, हितवर वास येऊलालाय. हिकडं ये, माझी पी."

काकूची पाठ ताठ झाली. मान वळली न्हाय, पण हात जमिनीला टेकला. मग ती उठली. स्वतःची बिंदगी उचलून कमरंवर घेतली, अन् बांध वलांडून सरळ आमच्या कोपीपुढं.

"कुणाची आंबट गं अक्का?"

आई बाहेर आली. तिनं काकूकडं बघितलं, बिंदगीकडं बघितलं. मग कोपीच्या कडंला माझ्याकडं. माझ्या मानंच्या शिरा अजून खाली बसल्या नव्हत्या. तिला कळलं. तिनं नुसतं म्हणायचं होतं, मी न्हाय बोलवलं. खरं तेच होतं. पण येळवसीच्या दिवशी आलेल्या माणसाला ‘बोलवलं न्हाय’ कसं म्हणायचं? हे तिच्यानं मरतानाबी झालं नसतं. तिनं पदर खोचला.

"तुझीच की. दरसाली आंबट करतीस, सांगून सांगून जीभ झिजली."

काकू म्हणली, आमची आंबट, अन् तुमची काय दुधातली हाय व्हय? आई म्हणली, चाखून बघ अन् मग बोल. आवाज चढले. आण्णांनी दोरी खाली ठेवली, टोपी नीट केली, अन् एक पत्रावळ जादा मांडली. मग काकूनं बिंदगी खाली ठेवली अन् दोन महिन्यांचं काढलं.

"आमी आलाव की तुमच्या भाकरी करपत्यात म्हणं."

मी खाली बघूलालो. मला वाटलं, आता आई म्हणणार, त्या पोराचं काय ऐकतीस, त्यो कायबी लिहितो. म्हणली असती तर माझं लिहिणं तिथंच मातीत गेलं असतं.

आई म्हणली, "करपत्यात. खोटं हाय का? तू बोलाय लागलीस की मला तवा दिसत न्हाय."

"मग वाट कशाला बघता?"

"करपल्याल्या भाकरी मी एकटीनंच खाऊ व्हय?"

काकूनं आपल्या बिंदगीतली आंबील पेल्यात ओतून आईपुढं धरली. आई प्याली, तोंड वाकडं केलं, म्हणली आंबटच हाय, अन् पेला परत म्होरं केला. मग दोघी उठून बांधावर गेल्या अन् दोघींनी मिळून रस्त्याला हाक मारली. एक ऊसवाला ट्रॅक्टर थांबला. जळकोटचं एक नवराबायको मोटारसायकलवर होतं, ते आलं. टाय लावलेला एक औषधाचा विक्रेता आला, त्याला वाटलं काय भांडण हाय, त्यो सोडवाय आला अन् जेवून गेला. दोन्ही बिंदग्या पालथ्या झाल्या.

आता मला सांगा. त्यो टक्क मी टिपून ठेवला नसता तर ही हाक निघाली असती का? लिहिण्यानं मोडलं म्हणतात, मग लिहिण्यानंच जोडलं ते कुणाच्या खात्यावर? मी लिहिणार. तुमी वाचा, फोटो काढा, फिरवा. फक्त दुसरं वाक्य बी वाचत जावा, एवढीच इनंती.

अन् हल्ली कुणी इचारतंय, तुझं घर नेमकं कुठं? पुण्याचं सांगू का गावाकडचं, अशी माझी तारांबळ आता होत न्हाय. दिवस कलल्यावर, पाव्हणे गेल्यावर, काकू तिच्या कोपीकडं गेल्यावर, आईनं मला जी बोलणी खायला घातली ती मी शब्द न् शब्द उतरून काढलीय. कुणी इचारलं की तीच दाखवतो. ती अशी:

"हिकडं ये. न्हाय, हितं जवळ ये. आईचा आवाज काढायला लाज वाटली न्हाय का? म्या मेल्यावर काढायचा त्यो, जित्तेपणी न्हाय. अन् काढलास तर नीट तरी काढ. मी सुमीला असं वरडून कवाच बोलवत न्हाय, मी लई गोड बोलवते, आख्ख्या गावाला इचार. सकाळधरनं हाक मारली न्हाय म्हणून तोंड पाडून बसलास. जाऊ पाठ करून उपाशी बसल्याली अन् मी रस्त्यावरच्याला ये म्हणू? कळतंय का तुला काय, का नुसतं लिहिताच येतंय? अन् लिहितोस त्याला मी भिले असं वाटलं व्हय तुला? आरं, तुझ्या त्या स्टेटसला आपली कोंबडी भीत न्हाय. लिही की. सुमीचं अन् माझं आमी बघून घिऊ, तू मधी पंच म्हणून बसू नकू. पण मला एक सांग. ‘हो आई, झालं जेवण, काळजी करू नकोस.’ हे कोण असतंय फोनवर? पहिल्या दिशी मला वाटलं राँग नंबर लागला. मग वाटलं, कंपनीचा कुणी मोठा माणूस जवळ बसलाय, लेकराला धाक हाय. म्हणून मी बी नीट नीट बोलूलाले, म्हणलं माझ्या तोंडापायी पोराची नोकरी जाऊ नये. तर काल दारात बी त्योच माणूस उभा, ‘कशी आहेस’ म्हणत. आख्ख्या गावाचं बारीकसारीक ऐकतोस, सवताचं कवा ऐकलंस का? दोन महिने झाले, मी त्या साहेबासंगं बोलूलाले. आता पुण्याला गेलास की त्याला सांग, म्हणावं, आईला तुमच्यासंगं बोलायचं न्हाय. तिचं पोरगं आसपास असंल तर त्याला फोन द्या."